16 डिसेंबर 1971ची संध्याकाळ, ट्रान्झिस्टर आणि कराचीच्या बातम्या

मोहोर | 14 डिसेंबर, रात्री 10:12

दर डिसेंबरात ढाक्याचा तो फोटो टीव्हीवर येतो. टेबलावर वाकून शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी, शेजारी आपले जनरल अरोरा, मागे गर्दी. मी तो फोटो पाहिला कितीतरी वर्षांनी. माझ्याकडे त्या संध्याकाळचा आहे तो फक्त आवाज, आणि त्यातही निम्मी खरखर.

आमचं गाव जैतापूरच्या खाडीकाठचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. गावात वीज नव्हती, त्यामुळे ब्लॅकआऊटचं आम्हाला फारसं अप्रूप नव्हतं. तरी पोलीसपाटील दारोदार सांगून गेले होते की समुद्राच्या अंगाला उजेड दिसता कामा नये. मग पश्चिमेच्या खिडक्यांना गोणपाट लागलं, कंदिलाच्या काचेला एका बाजूने काळा कागद चिकटला आणि जेवणं दिवेलागणीच्या आत उरकायला लागली. रेडिओ गावात तीन. शाळेतला बंद पडलेला, दुसरा खोतांचा, तिसरा आमचा. आमचा म्हणजे बाळकाकाने मुंबईहून आणलेला मर्फीचा ट्रान्झिस्टर, चामड्याच्या कव्हरातला. त्याला चार मोठे सेल लागत. सेल उतरले की आई ते दिवसभर उन्हात, पापडांच्या शेजारी वाळत ठेवायची. त्या उन्हावर रात्रीच्या एका बातमीपत्रापुरता जीव धरायचे.

बाळकाका नौदलात होता, बोटीच्या इंजिन खात्यात. बोटीचं नाव लिहीत नाही. घरात त्या दिवसांत ते कोणी घेत नसे, ती सवय अजून सुटलेली नाही. पत्रावर बोटीचं नाव आणि खाली 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई', एवढाच त्याचा पत्ता. शेवटचं पत्र नोव्हेंबरातलं.

3 तारखेला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हापासून आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं जमायची. आधी मुंबईच्या मराठी बातम्या, मग पावणेनऊला दिल्लीच्या हिंदी. 'यह आकाशवाणी है, अब आप देवकीनंदन पांडेय से समाचार सुनिए' एवढं कानावर पडलं की बिड्या ओढणारेसुद्धा धूर आतच धरून बसायचे. या दोन्हींच्या मध्ये आबा, म्हणजे माझे आजोबा, सेट उचलून त्याचं तोंड वायव्येला करायचे. आम्हा पोरांना ती खूण पाठ होती. सेट फिरला की कराची.

आबांचा हिशेब सरळ होता. आपली बोट बुडाली तर दिल्ली ते तोलूनमापून सांगणार, घरी तार गेल्यावर सांगणार, कदाचित चार दिवसांनी सांगणार. कराचीला मात्र घाई असणार. म्हणजे आम्ही रोज संध्याकाळी शत्रूचं स्टेशन लावून बसायचो ते आपल्या माणसाचं काही वाईट तर ऐकू येत नाही ना, हे बघायला. आजीला हे माहीत होतं. ती तेवढा वेळ माजघरात जाऊन बसायची.

कराचीच्या बातम्या उर्दूत. त्या समजावून सांगायला आबा उर्दू शाळेच्या मास्तरांना बोलवायचे. मास्तर मोहल्ल्यातून कंदील न घेता, काठी आपटत अंधारात यायचे आणि पायरीवरच बसायचे, वर या म्हटलं तरी यायचे नाहीत. गावात एकदोघांनी चावडीवर कुजबुज केली, मास्तरांना कराची ऐकायला बरं निमित्त मिळालंय म्हणून. आबांनी तिथेच सांगितलं, "निमित्त माझं आहे. माझा मुलगा आहे पाण्यात."

16 तारीख गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा. आईचा घट बसलेला, उद्यापनाच्या सवाष्णी हळदीकुंकवाला आलेल्या. घटापुढच्या समईचं काय करायचं यावर दुपारभर चर्चा झाली होती. विझवायची तर नाही, उजेड तर दिसता कामा नये. शेवटी समईच्या मागे मोठी परात उभी करून ठेवली.

संध्याकाळी पहिल्यांदा बातमी आली ती खोतांच्या गड्याने धावत येऊन सांगितलेली, "ढाका पडला!" आमचा सेट लावला तर आवाज मुंगीएवढा. आबांनी कान जाळीला लावला आणि ऐकू येईल ते ते मोठ्याने सांगू लागले. इंदिराबाईंनी लोकसभेत सांगितलं. ढाका आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे. बिनशर्त शरणागती. ओटीवर एकच गलका. कोणीतरी फटाक्यांचं नाव काढलं, दुसऱ्याने लगेच दटावलं, उजेड नको.

आबांनी सेट फिरवला. समुद्रावरून कराची नेहमीसारखी स्वच्छ, आपल्या मुंबईहून स्वच्छ. मास्तर ऐकत राहिले. ती बातमी फार छोटी होती. संपल्यावर म्हणाले, "तिथल्या तिथल्या कमांडरांमध्ये काही ठरलंय म्हणतात, म्हणून पूर्वेकडची लढाई थांबलीय. हिंदुस्थानी फौज ढाक्यात आलीय."

"शरणागती म्हणाले?"

"नाही. तो शब्द नाही आला."

"मग खरं आहे," आबा म्हणाले.

नंतर कळलं ते असं की पश्चिमेकडे आपण आपल्या बाजूने लढाई थांबवतोय, पण उद्या, 17 तारखेच्या रात्री आठपासून. हे ऐकेपर्यंत ओटीवरची माणसं पांगायला लागली होती, गावात कुठेतरी झांजा वाजत होत्या. आजी माजघरातून उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "उद्या रात्री आठपर्यंत त्यांनी समुद्रात काय करायचं?"

कोणी काही बोललं नाही. आबांनी सेल वाचवायला रेडिओ बंद केला.

तुमच्याकडे, तुमच्या आईवडिलांकडे, त्या दिवसांत कुठे काय ऐकलं गेलं? लिहा.

---

झावळी | 14 डिसेंबर, रात्री 10:40

सुरेख. पापडांशेजारी वाळणारे सेल डोळ्यांसमोर आले. आमच्याकडे चुलीच्या उबेला ठेवायचे, एकदा एक फुगून फुटला होता. काकांचं पुढे काय झालं ते लिहा ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

परळ_टँक | 14 डिसेंबर, रात्री 11:05

आमची गोष्ट चाळीतली. तिसरा मजला, खोली दहा बाय बारा, आणि टेबलावर आजोबांचा वाल्वचा रेडिओ. लावला की अर्धा मिनिट काही नाही, मग आधी गुणगुण आणि मग आवाज. त्याला हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की डोळ्याची पापणी मिटल्यासारखी व्हायची.

ब्लॅकआऊटमध्ये खिडकीच्या काचांना खाकी कागद, बल्बला काळ्या कागदाची टोपी. चाळीतल्या पोरांना वॉर्डन केलं होतं, शिट्टी देऊन. दिवसा टिवल्याबावल्या करणारी ही पोरं रात्री आमच्या वडिलांना दम द्यायची, "ओ नाना, तिसरा मजला, लाईट!" एकदा शिट्टी वाजतच राहिली. घरात एक दिवा नाही. शेवटी वॉर्डन वर आला तर दारातून रेडिओचा हिरवा डोळा आणि पिवळी डायल दिसत होती. आजोबा रेडिओ बंद करायला तयार होईनात, बातम्या निम्म्यावर आल्या होत्या. शेवटी आईने स्वतःचं एक धुवट लुगडं रेडिओवर टाकलं आणि वॉर्डनसकट सगळ्यांनी लुगड्यात डोकी खुपसून बातम्या ऐकल्या. वाल्व तापल्यावर कापडाला जो वास येतो तो मला आजही युद्धाचा वास वाटतो.

एका रात्री भोंगा झाला आणि आकाशात विमानवेधी तोफांच्या लाल रेघा चढताना आम्ही गच्चीतून पाहिल्या. गच्चीत जायची बंदी होती हे सांगायला नकोच.

---

सडेतोड | 15 डिसेंबर, सकाळी 7:50

लेख चांगला आहे पण एक गोष्ट खटकली. आपले जवान लढत असताना घरात बसून शत्रूचा प्रचार ऐकणं, तोही वीस माणसं जमवून, हे योग्य होतं का? अशाने अफवा पसरतात. 'शत्रू खरं सांगेल' हा विश्वासच मुळात चुकीचा.

---

मोहोर | 15 डिसेंबर, सकाळी 9:15

@सडेतोड, विश्वास नव्हताच. मास्तरांनी आम्हा पोरांना एक नियम सांगितला होता: किती मारले ते दोघांचंही सोडून द्यायचं, कुठे लढाई झाली तेवढं धरायचं. कराची म्हणाली अमुक ठिकाणी हल्ला परतवला, तर हल्ला झाला एवढं पक्कं. आबा पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखून गावांची नावं लिहायचे. दोन्ही रकान्यांत जे नाव आलं त्याच्याखाली रेघ.

आणि वीस माणसं आम्ही जमवलेली नव्हती. तीन रेडिओ, त्यात चालू दोन, मग माणसं जाणार कुठे?

---

आकाशगामी | 15 डिसेंबर, सकाळी 10:30

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, छंद असल्यामुळे राहवत नाही. कराची 'मुंबईहून स्वच्छ' यायची यात नवल नाही. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीवरून जाताना लवकर दमतात, खाऱ्या पाण्यावरून मात्र फार लांब जातात. कोकणचा किनारा आणि कराची यांच्यामध्ये बहुतेक पाणीच. शिवाय दिवसा वातावरणात साठ-नव्वद किलोमीटरवर एक थर असतो, तो या लहरी गिळतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून संध्याकाळ झाली की डायलवर एकदम गर्दी व्हायची.

आबांनी सेट फिरवणं हेही शास्त्रशुद्ध. ट्रान्झिस्टरच्या आत काळ्या फेराईटची कांडी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं. कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी धरली की आवाज मोठा, टोक स्टेशनकडे केलं की गायब. कांडी सेटच्या लांबीत बसवलेली असते, म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे करायची. कराची तुमच्या गावाच्या वायव्येलाच.

याच तत्त्वावर विमानं रेडिओ स्टेशनचा माग काढत येऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1 सप्टेंबर 1939ला, बीबीसीने आपली वेगवेगळी प्रादेशिक प्रक्षेपणं बंद करून एकच होम सर्व्हिस सुरू केली ती याच भीतीने. अनेक ठिकाणांहून एकाच लहरीवर एकच कार्यक्रम सुटला की वैमानिकाला दिशा सापडत नाही.

---

निवृत्त_हवालदार | 15 डिसेंबर, दुपारी 1:20

मी राजस्थानच्या बाजूला होतो. आमच्या तुकडीत एक ट्रान्झिस्टर, तो ज्याच्याकडे त्याचा रुबाब कर्नलसाहेबांपेक्षा जास्त. आपण कुठे आहोत हे आम्हाला रात्रीच्या बातम्यांवरून कळायचं हे सांगितलं तर लोक हसतात. विविध भारतीवर 'जयमाला' लागायचं, फौजी भाइयों के लिए. गाण्याआधी कोणाच्या कोणाच्या फर्माइशी वाचतात त्यात आपल्या पलटणीतलं कोणी येतंय का याकडेच कान.

16 तारखेच्या रात्री आम्हाला बातमी कळली तेव्हा टाळ्या झाल्या, पण आमच्याकडे गोळाबारी चालूच होती. तुमच्या आजीचा प्रश्न बरोबर होता. 17च्या संध्याकाळी सगळे घड्याळ बघत होते. एवढंच लिहितो.

---

मोहोर | 15 डिसेंबर, दुपारी 1:45

हवालदारसाहेब, नमस्कार. आजी असती तर तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला असता.

---

टपाल_खुणा | 15 डिसेंबर, दुपारी 3:00

आमच्या मामांनी सांगितलेली आठवण. 16 तारखेच्या रात्री पुण्यात टिपूर चांदणं पडलं होतं, आणि विजयाची मिरवणूक त्या चांदण्यात

---

टपाल_खुणा | 15 डिसेंबर, दुपारी 3:04

(वरचा प्रतिसाद अर्धाच गेला.) ...त्या चांदण्यात निघाली होती. दिवे बंद असल्यामुळे चंद्र आणखीच मोठा वाटला म्हणे.

---

परळ_टँक | 15 डिसेंबर, दुपारी 3:30

मामांची कुठल्या तरी दोन रात्रींची सरमिसळ झालीय. मोहोरताईंनी लिहिलंय ना, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. म्हणजे चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. चंद्र कुठून आणणार? चांदणं होतं ते युद्ध सुरू झालं तेव्हा. दत्तजयंती होऊन एकदोन दिवसच झाले होते. सरकारने मुंबईतले दिवे घालवले आणि वर हा एवढा चंद्र. आमच्या चाळीत एक आजोबा म्हणायचे, "आता याला कोण शिट्टी मारणार?"

---

टपाल_खुणा | 15 डिसेंबर, दुपारी 4:10

मामांना फोन केला. ते म्हणतात चांदणं होतंच. मी वाद घालत नाही, वय 84.

---

गंगापार | 15 डिसेंबर, संध्याकाळी 6:15

आमचं बालपण कोलकात्यात गेलं, वडील तिथे नोकरीला. तिथे 71चं युद्ध डिसेंबरात सुरू झालंच नव्हतं, मार्चपासून चालू होतं. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे, आणि संध्याकाळी घरोघरी रेडिओ. आकाशवाणी कोलकात्यावर देबदुलाल बंद्योपाध्याय बातम्या वाचायचे. शब्द अडखळेल की काय, गळा भरून येईल की काय, असा आवाज. बातमी वाचणाऱ्याने भावना दाखवू नये हा नियम त्या माणसाने मोडला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं स्टेशन म्हणजे स्वाधीन बांगला बेतार केंद्र, बांगलादेशच्या मुक्तिलढ्याचं रेडिओ केंद्र. मार्चच्या अखेरीस चितगावजवळ काळुरघाटला सुरू झालं. बंगाली फौजी अधिकारी झियाउर रहमान यांनी शेख मुजीब यांच्या वतीने स्वातंत्र्याची घोषणा वाचली ती तिथूनच. पाकिस्तानी विमानांनी ते उडवलं, मग त्रिपुरात गेलं, आणि 25 मेपासून आमच्या कोलकात्यात, बालीगंजच्या एका बंगल्यातून. आमच्या घरापासून ते ठिकाण किती जवळ होतं हे आम्हाला युद्ध संपल्यावर कळलं. वडील रोज संध्याकाळी ज्याच्यासाठी रेडिओला कान लावून बसायचे तो आवाज ट्रामच्या दोन थांब्यांवरून येत होता!

त्यावर 'चरमपत्र' नावाचा कार्यक्रम लागायचा. एम. आर. अख्तर मुकुल ढाक्याच्या अगदी गल्लीतल्या बोलीत पाकिस्तानी फौजेची टर उडवायचे. आम्हाला बंगाली येत होतं पण ही बोली अर्धीच समजायची. शेजारी पूर्व बंगालमधून आलेलं एक कुटुंब होतं, त्यातल्या म्हाताऱ्या बाई हसत हसत रडायच्या. मला तेव्हा वाटायचं, विनोद फार चांगला असणार.

चरमपत्राचा शेवटचा भाग 16 डिसेंबरला झाला.

---

झावळी | 15 डिसेंबर, संध्याकाळी 6:40

'ट्रामच्या दोन थांब्यांवरून' वाचून थांबले. कमाल.

---

साटेली | 15 डिसेंबर, रात्री 8:55

थोडं अवांतर, पण किनाऱ्याचाच विषय आहे. आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडे रेडिओच्या गोष्टी निघाल्या की 71च्या नाही, 61च्या निघतात. गोव्यात पोर्तुगीज असताना आमच्या आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ चालायचा. 25 नोव्हेंबर 1955ला सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं चालवायची, पोर्तुगीजमधून आणि कोंकणीतून. पुढे त्यांनी लग्न केलं. आंबोलीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल की तिथे यंत्रं कोरडी ठेवणं म्हणजे काय. नंतर केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हललं. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांना विमानात बसवून, खाली लाऊडस्पीकर लावून, गोव्यावरून फिरवलं आणि स्वातंत्र्याची बातमी सांगायला लावली. सहा वर्षं जंगलातून बोलले, शेवटचं बोलणं आकाशातून.

माझी पणजी बांद्यात राहायची, तिचं माहेर सीमेपलीकडे. माहेरची खबर पत्राने यायची नाही, सीमा बंद. ती म्हणे हा रेडिओ लावून बसायची, आपल्या गावाचं नाव येतं का बघायला. मोहोरताई, तुमच्या आबांसारखंच. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले.

---

सडेतोड | 15 डिसेंबर, रात्री 9:20

हे वाचून एक मुद्दा मान्य करतो. पोर्तुगिजांच्या दृष्टीने तुमच्या पणजी 'शत्रूचा रेडिओ' ऐकत होत्या. मग गिरगावातल्या काँग्रेस रेडिओचंही तेच, 'चले जाव'च्या वेळच्या गुप्त रेडिओचं. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चालवलेला, 42.34 मीटरवर. रोज जागा बदलायचे, शेवटी 12 नोव्हेंबरला कार्यक्रम चालू असतानाच पकडले गेले. माझे आजोबा ते ऐकायचे असं घरात अभिमानाने सांगतात. तेव्हा सरकारच्या हिशेबी तेही गुन्हेगारच.

तरी वीस माणसं हे मला अजून पटलेलं नाही.

---

मोहोर | 15 डिसेंबर, रात्री 9:35

पुढच्या वेळी एकोणीस. :)

---

दीवकर | 16 डिसेंबर, सकाळी 8:10

दीवला तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. किल्ला, चर्च, नागवा बीच बघून झालं आणि रिक्षावाल्याने विचारलं, खुकरी बघायची का? समुद्राच्या तोंडाशी टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या पेटीत आपल्या नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेची प्रतिकृती. 9 डिसेंबर 1971च्या रात्री त्याच समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून बोट बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोट न सोडता तिच्यासोबत गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. मोहोर यांचा लेख वाचताना सारखं तेच मनात येत होतं. त्या बोटीवरच्या माणसांच्या घरीही कोणी तरी रेडिओ लावून बसलं असेल.

---

मोहोर | 16 डिसेंबर, सकाळी 11:30

दीवकर, तुम्ही तो विषय काढलात म्हणून लिहिते. मूळ लेखात मुद्दाम टाळलं होतं.

खुकरीचं नाव आमच्या ओटीवर आलं तेव्हा आधी सगळ्यांनी आबांकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली, कारण बाळकाकाची बोट ती नव्हती. 'आपली नाही' हे कळल्यावर जो सुटकेचा श्वास पडला तो मोठ्याने ऐकू आला. आबा फार चिडले. म्हणाले, "आपली नाही म्हणजे? कोणाची तरी आहेच ना?" आणि त्या दिवशी त्यांनी पंचांगाच्या पानावर काही लिहिलं नाही. राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यातून नौदलात आणि व्यापारी बोटींवर गेलेली माणसं किती, हे इथल्या लोकांना सांगायला नको. खाडीच्या पलीकडच्या गावात एका घरी तार आली. तिथली बाई आईच्या ओळखीची होती. आई भेटून आली आणि मार्गशीर्षाचा घट मांडू की नको असं आजीला विचारत होती. आजी म्हणाली मांड. तोच तो शेवटचा गुरुवार.

बाळकाकाचं पत्र 17 नंतर आठ-दहा दिवसांनी आलं. आंतरदेशीय, निळं. युद्धाबद्दल एक अक्षर नाही. कलमाला मोहोर आला का, आजीच्या गुडघ्याला तेल कोण लावतं, आणि 'रेडिओचे सेल संपले असतील तर खोतांकडून उसने घ्या, मी आल्यावर देतो.' आबांनी ते पत्र मास्तरांना वाचून दाखवायला नेलं. मराठीच होतं, मास्तरांना वाचता येत होतं, तरी आबांनी वाचून दाखवलं.

काका शिमग्याला आला. पालखी नाचवताना बघितला तेव्हा मला खरं वाटलं. त्याला मी विचारलं, तू बोटीवर रेडिओ ऐकायचास का? तर म्हणाला, खाली इंजिनात काही ऐकू येत नाही, आम्ही नुसते घंटेचे इशारे पाळायचो, वेग वाढवा, कमी करा. जिंकलो हे त्याला वरून कोणी तरी ओरडून सांगितलं तेव्हा त्याला आधी वाटलं बोटीला काही लागलं.

---

निवृत्त_हवालदार | 16 डिसेंबर, दुपारी 12:05

बरोबर. असंच असतं.

---

आकाशगामी | 16 डिसेंबर, दुपारी 2:40

मोहोर, तो मर्फी अजून आहे का? असेल तर सेल काढून ठेवलेत ना? आत राहिलेले सेल पाझरून पट्ट्या खातात.

---

मोहोर | 16 डिसेंबर, दुपारी 3:15

आहे. सेल काढलेले आहेत पण पट्ट्या आधीच हिरव्या झाल्यात. चामड्याचं कव्हर उंदरांनी खाल्लं. बटण फिरतं पण सुई हलत नाही, आतला दोरा तुटलाय. लायसन्सचं पुस्तक मात्र शाबूत, पोस्टाचे शिक्के दरवर्षीचे आहेत. आबांनी एक वर्ष चुकवलं नाही.

---

आकाशगामी | 16 डिसेंबर, दुपारी 3:40

पट्ट्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग बारीक पॉलिश पेपर. दोऱ्याला डायल कॉर्ड म्हणतात. लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानांत विचारा, नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ. जुना दोरा फेकू नका, त्याची लांबी हवी आहे, आणि तो पुलीवरून कसा फिरलाय त्याचा आधी फोटो काढा. इथेच बहुतेक जण फसतात.

---

मोहोर | 16 डिसेंबर, संध्याकाळी 5:10

घरात मासे पकडायच्या गरीचा बारीक नायलॉन दोरा आहे. तो चालेल का? भाचा आजच बसतो म्हणतोय.

---

आकाशगामी | 16 डिसेंबर, संध्याकाळी 5:25

नको. नायलॉन ताणतो आणि पुलीवर घसरतो, सुई भलत्याच आकड्यावर थांबेल. काहीच मिळालं नाही तर चांभाराचा मेण लावलेला दोरा घ्या, बारीकातला. दोन वेढे पुलीला, स्प्रिंग ताणून गाठ. आणि आवाज आला तर कळवा, कुठलं स्टेशन लागलं तेही.